सांगावे की न सांगावे

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी विषय माझ्यावरच सोपवला होता. "सणाचे दिवस असतात, घरातली सगळी माणसे वाचतात, एवढे ध्यानात असू द्या," इतकेच त्यांनी पत्रात लिहिले होते. ते ध्यानात ठेवूनही मी मोठ्या आतड्याविषयी लिहायला बसलो आहे. फराळाचे ताट मांडीवर घेऊन अंक चाळणाऱ्यांनी हवे तर आधी ताट संपवावे, मी थांबतो. पण घरातली सगळी माणसे वाचतात हेच तर माझे निमित्त आहे. एरवी ही गोष्ट आपण एकेकट्याने दार लावून सोसतो आणि घरातल्या कोणालाही सांगत नाही.

२०२४ च्या जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत मला धाप लागू लागली. वय सेहेचाळीस. मी ते वाढत्या पोटावर ढकलले, मग उन्हाळ्यावर, मग रात्री जागून चाललेल्या कादंबरीवर. शेवटी बायकोने रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन नऊ निघाले. आमचे नेहमीचे डॉक्टर कागद बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, पुरुषाचे रक्त असे उगीच उतरत नाही. ते कुठून तरी जात असणार. दिसत नाही एवढेच." लोहाच्या गोळ्यांनी अंक वर चढला असता आणि मी खूश झालो असतो. पण त्यांनी गोळ्या लिहून देण्याबरोबरच पुण्यातल्या एका डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीही दिली.

दुर्बीण घालून आतडे पाहायचे तर ते आधी रिकामे करावे लागते. त्यासाठी आदल्या दिवशीपासून एक औषध पाण्यात कालवून पेल्यामागून पेला प्यावे लागते. त्या रात्रीचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ती काढली आहे त्यांना ते नको, आणि ज्यांनी काढलेली नाही ते उगाच घाबरतील. सकाळी सुई टोचून मला गुंगी आणली आणि जाग आली तेव्हा डॉक्टर हातात चार रंगीत छायाचित्रे घेऊन उभे होते.

मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. ते उजव्या कुशीत खाली सुरू होते, वर चढते, आडवे जाते आणि डाव्या बाजूने उतरते. माझ्या उजव्या बाजूला, अगदी सुरुवातीजवळ, अस्तरावर एक वाढ पसरली होती. चाळीस मिलिमीटर. डॉक्टरी भाषेत पॉलिप. पॉलिप म्हटले की देठावरची अळंबी डोळ्यांपुढे येते, आणि पुष्कळ पॉलिप असतातही तसे. माझा मात्र सपाट होता, बारीक दाणेदार. उन्हात वाळत घातलेली साबुदाण्याची पापडी पाहिली असेल तर तो पाहिल्यासारखाच. वीस मिलिमीटरच्या पुढच्या वाढीला डॉक्टर मोठी म्हणतात. माझी त्याच्या दुप्पट होती. ती तिथे किती वर्षे होती हे कोणी सांगू शकत नाही. बहुधा दहा तरी असावीत. या दहा वर्षांत मी दोन कादंबऱ्या लिहिल्या, मुलाला सायकल शिकवली आणि स्वतःला निरोगी समजत राहिलो.

या आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते, ही गोष्ट मला तेव्हा कळली. जुन्या पेशी गळतात, नव्या येतात, आणि किती यायच्या याला एक लगाम असतो. एखाद्या पेशीतला तो लगाम सुटतो आणि तिची पिल्ले गळण्यापेक्षा जास्त वेगाने वाढू लागतात. तिथे ढीग होतो. एवढ्याने तो कॅन्सर होत नाही. त्या ढिगातल्या पेशींत पुढे आणखी बिघाड होत होत, एके दिवशी त्या खालच्या थरात शिरल्या, म्हणजे तो कॅन्सर. पुष्कळ ढीग तिथपर्यंत कधीच जात नाहीत. ते माणसाबरोबर जगतात आणि माणसाबरोबर जळतात.

मग प्रश्न येतो की ज्याने अजून काही केलेले नाही त्याला कापायचे का? मी शाळेत शिकवतो. 'हा पोरगा पुढे बिघडणार' असे भाकीत करून मुलाला शाळेतून काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. तोच न्याय माझ्या पोटातल्या वाढीला लावावा असे क्षणभर मनात आले. डॉक्टरांना हे बोलून दाखवले तेव्हा ते हसले आणि त्यांनी मला एक जुनी हकीकत सांगितली. ती पुढे मी मुद्दाम शोधून वाचली.

१९६९ पर्यंत आतड्यातल्या असल्या वाढीला हात लावायचा तर पोट फाडावे लागे. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम वूल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन शल्यविशारदांनी लांब लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास आत घातला, तो वाढीच्या देठाला आवळला आणि विजेच्या उष्णतेने ती कापून काढली. पोटाला टाका नाही. त्याआधीच्या काळात पुष्कळ रोग्यांनी पोट फाडून घेण्यापेक्षा वाट पाहणे पसंत केले होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अशा २२६ माणसांची नोंद होती. प्रत्येकाची वाढ दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, आणि ती तशीच ठेवून अधूनमधून क्ष-किरणांनी पाहायचे ठरलेले. त्यांचे पुढे काय झाले ते १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्याच जागी कॅन्सर होण्याचे प्रमाण पाच वर्षांत शंभरी अडीच, दहा वर्षांत आठ, वीस वर्षांत चोवीस असे निघाले. प्रत्यक्षात २२६ पैकी एकवीस जणांच्या त्या जागी कॅन्सर सापडला.

वीस वर्षांत शंभरातले चोवीस. हा आकडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. शंभरातल्या शहात्तरांना त्या जागी काहीच झाले नाही. त्यांची वाढ कापली असती तर ते कापणे फुकट गेले असते. पण आपण चोवीसांतले की शहात्तरांतले, हे त्यांतल्या एकालाही आधी ठाऊक नव्हते. शाळेतल्या मुलाशी केलेली माझी तुलना इथे लंगडी पडते, हे मला कबूल केले पाहिजे. मुलाला आपण समजावू शकतो, त्याची वाट पाहू शकतो, आणि त्याला शाळेत राहण्याचा हक्क असतो. आतड्यातल्या वाढीला असा कोणताही हक्क नाही. ती गेल्याने रडणारे कोणी नाही.

जुलैत ती काढली. दीड तास लागला. आधी सूक्ष्म भिंगातून तिच्या पृष्ठभागावरची नक्षी न्याहाळतात. नक्षी एका ठरावीक तऱ्हेने विस्कटलेली दिसली तर ती वाढ खोल गेली असे समजून दुर्बिणीने तिला हात लावत नाहीत, शस्त्रक्रियेकडे पाठवतात. माझी नक्षी शाबूत होती. मग अस्तराखाली निळे पाणी टोचतात. भाजल्यावर फोड यावा तसे अस्तर वर उचलले जाते आणि त्याबरोबर वाढही. न उचलली तर तिची मुळे खाली धरली असावीत, ही आणखी एक शंकेची जागा. माझी उचलली गेली. मग तारेच्या फासाने तुकड्यातुकड्यांनी कापायचे, आणि शेवटी कडा सगळीकडून शेकून काढायची. ही कडा शेकण्याची गोष्ट मला विशेष वाटली. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०१९ साली दाखवून दिले की नुसते कापून सोडले तर शंभरातल्या एकवीस जणांच्या त्याच जागी वाढ पुन्हा दिसते, आणि कडा शेकली तर पाच जणांच्या. इतकी साधी गोष्ट, आणि एवढा फरक. नंतर रक्त जाण्याचा आणि क्वचित आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. तो त्यांनी मला आधी सांगितला होता आणि सहीही घेतली होती. मला काही झाले नाही. तुकडे तपासायला गेले. निकाल आला तो असा, की पेशी बऱ्याच बिघडल्या होत्या, पण कॅन्सर नव्हता.

माझ्यापुरती गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. डॉक्टरांनी निकालाचा कागद माझ्या हाती दिला आणि विचारले, "भावंडे किती तुम्हाला?"

"तीन आम्ही. थोरला दादा, मग ताई, मी धाकटा."

"आईवडील?"

"आई आहे. वडील १९९६ साली गेले."

"कशाने?"

"पोटाच्या विकाराने."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "पोटाच्या विकाराने म्हणजे?"

मला उत्तर देता आले नाही. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पाच-सहा कादंबऱ्यांत काल्पनिक बापांची मरणे तपशीलवार रंगवलेला, आणि स्वतःचा बाप कशाने मेला ते मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी मला घाई केली नाही. ते इतकेच म्हणाले, "तुमच्या भावंडांनी तपासून घेतले पाहिजे. एवढी मोठी वाढ साठीच्या आत निघाली, म्हणजे सख्ख्या नात्यातल्यांनी चाळिशीपासून पाहायचे, किंवा तुमच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून. जे आधी येईल ते. तुमच्या मुलाला छत्तिसाव्या वर्षी. त्यांना सांगा."

सांगा. हा एक शब्द घेऊन मी घरी आलो.

आधी आईला विचारले. ती शहात्तर वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. मी तिला माझ्या दुखण्याचे सगळे सांगितले आणि मग विचारले, बाबांना काय झाले होते? ती बराच वेळ पदराचे टोक चाळवीत राहिली. मग म्हणाली, "ह्यांनी मला शपथ घातली होती रे." बाबांना वर्षभर रक्त पडत होते. ते मिरजेला जाऊन आले होते, आणि आतड्यात गाठ आहे हे त्यांना सांगण्यात आले होते. त्या वर्षी ताईचे स्थळ पाहणे चालू होते. घरात कॅन्सर आहे हे कळले तर लग्न मोडेल, म्हणून बाबांनी आईला गप्प बसवले आणि स्वतः गप्प बसून मेले. ताईचे लग्न झाले. चांगले झाले. ताईला आजही दृष्ट लागावी असा संसार आहे.

मी बाबांवर रागवायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. त्यांनी स्वतःसाठी काही लपवले नव्हते. उलट मरणाचे सगळे भय एकट्याने अंगावर घेतले होते. आमच्याकडे कर्त्या माणसाकडून हीच अपेक्षा असते आणि ती त्यांनी पुरी केली. पण त्या गप्प बसण्याचा हिशेब मांडला तर त्यात आणखी एक रक्कम आहे, जी त्यांना दिसली नव्हती. आम्ही तिघे भावंडे अठ्ठावीस वर्षे एका गोष्टीपासून अजाण राहिलो. चाळिशीला तपासायला हवे होते ते कोणीच तपासले नाही. माझे रक्त उतरले म्हणून कळले. नसते उतरले तर कळलेही नसते. मुलीसाठी केलेल्या त्यागात ती मुलगीच उघडी पडली होती.

१९८५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या मोठ्या आतड्यात, माझ्यासारखीच उजव्या बाजूला, सुमारे दोन इंचांची वाढ सापडली. १३ जुलैला शस्त्रक्रिया झाली. तेवढ्या तासांपुरते त्यांनी आपले अधिकार उपाध्यक्षांकडे सोपवले होते. वाढीत कॅन्सर शिरलेला निघाला आणि दोनच दिवसांत ते साऱ्या जगाला सांगण्यात आले. वर्तमानपत्रांत आतड्याची चित्रे छापून आली. त्याच सुमारास त्यांच्या थोरल्या भावाचीही त्याच रोगासाठी शस्त्रक्रिया झालेली होती. रेगन त्यानंतर १९ वर्षे जगले. त्यांच्या राजकारणाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पण एका राष्ट्राच्या अध्यक्षाचे आतडे चव्हाट्यावर मांडले गेले आणि आभाळ कोसळले नाही, हे वाचताना मला आमचे घर आठवत होते, जिथे एका शेतकऱ्याचे आतडे त्याच्या पोटच्या पोरांपासूनही लपवावे लागले.

ताईला सांगणे सोपे गेले. ती रडली, बाबांसाठी रडली, आणि पंधरा दिवसांत मुलाला घेऊन जाऊन तपासून आली. दोन बारीक पॉलिप निघाले, तेव्हाच काढले.

दादाचे तसे नव्हते. दादा पंचावन्न वर्षांचा, गावी शेती पाहतो. त्याला गेली पाच-सहा वर्षे मधून मधून रक्त पडते हे मला वहिनींकडून आडून आडून कळलेले होते. तो त्याला मूळव्याध म्हणतो, सुरणाची भाजी आणि ताक यांवर भागवतो. मूळव्याध असेलही. बहुधा असेलच, रक्त पडणाऱ्यांत मूळव्याधवालेच पुष्कळ. मी गावी जाऊन त्याला सगळे सांगितले. बाबांचेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुझं तुला झालं, ते निघालं, बरं झालं. मला काय धाड भरलीय? उकरून बघायचं म्हटलं की काहीतरी निघतंच. विहिरीत गाळ नाही अशी विहीर दाखव."

हे बोलणे अडाणीपणाचे आहे असे कोणी समजू नये. उकरले की काहीतरी निघतेच, ही तक्रार मोठमोठे डॉक्टरही करतात. २०२२ साली युरोपातल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतल्या, तक्रार नसलेल्या सामान्य माणसांना दुर्बिणीच्या तपासणीला बोलावले गेले. दहा वर्षांनी पाहिले तर बोलावलेल्या ४५५ जणांमागे एकाचा कॅन्सर टळलेला दिसला. बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसे प्रत्यक्ष तपासून गेली, हेही त्यात आहे. आपल्याकडे सरकार तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सर्वांची तपासणी करू पाहते, आतड्याच्या नाही. कारण आपल्याकडे तो तुलनेने कमी आढळतो. तेव्हा रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला मी पकडून सांगू लागलो की तपासून घे, तर दादाचे म्हणणे माझ्यापेक्षा शहाणपणाचे ठरेल. पण दादा रस्त्यावरचा माणूस नाही. तो माझ्या बापाचा मुलगा आहे, माझा भाऊ आहे, आणि त्याला रक्त पडते.

त्या रात्री गावच्या घरी पडवीत झोपलो असता मला एक मोह झाला. मी कादंबरीकार आहे. खोटे बोलणे हा माझा पोटापाण्याचा नसला तरी आवडीचा धंदा आहे. सकाळी उठून दादाला म्हणावे, काल तुला घाबरवायचे नव्हते म्हणून बोललो नाही, पण मला निघाला तो कॅन्सरच होता. एवढे एक वाक्य. तो उद्याच गाडीत बसला असता. आणि ते कितीसे खोटे होते? बिघडलेल्या पेशी होत्याच. आणखी काही वर्षांनी ते वाक्य खरेही झाले असते. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजाने गुरूला मारण्यासाठी अर्धे सत्य वापरले. मी भावाला वाचवण्यासाठी वापरणार होतो. माझी बाजू धर्मराजापेक्षा बळकट होती असे मला पहाटे दोन वाजता खरोखर वाटले.

पहाटे चारपर्यंत ते टिकले नाही. हा तत्त्वाचा मोठा विजय वगैरे नव्हता. मला फक्त बाबा आठवले. तेही प्रेमानेच गप्प बसले होते. दुसऱ्याने काय ऐकावे, किती ऐकावे आणि ऐकून काय करावे, हे सगळे त्यांनी एकट्याने ठरवून टाकले होते. मी खोटे बोललो असतो तर मीही तेच ठरवणार होतो, फक्त उलट बाजूने. आमच्या घरात त्या दुखण्याविषयी आधीच एक खोटे अठ्ठावीस वर्षे नांदत होते. त्यात आणखी एकाची भर घालून पुढच्या पोरांच्या हाती काय द्यायचे? माझ्या मुलाने, दादाच्या मुलीने, उद्या डॉक्टरांपुढे बसून काय उत्तर द्यायचे? काकांना कॅन्सर झाला होता की नव्हता?

म्हणून सकाळी मी दादाला खरा आकडा सांगितला. वीस वर्षांत शंभरातले चोवीस, आणि तेही मोठी वाढ असलेल्यांतले. तुझ्या पोटात काही आहे की नाही हेच ठाऊक नाही. तो म्हणाला, "म्हणजे शहात्तर जण ठणठणीत." मी म्हणालो, "हो." खरे सांगायचे तर हा अनुभव फार केविलवाणा असतो. खोट्याला धार असते. खऱ्याला पुष्कळदा नसते.

मग मला दुसरा प्रश्न पडला. एकदा सांगितल्यावर पुन्हा किती वेळा सांगायचे? माणसाला न जाणण्याचाही हक्क असतो असे म्हणतात, आणि मला ते पटते. कोणाच्याही आतड्यात त्याच्या मर्जीविरुद्ध दुर्बीण जाता कामा नये, आणि त्याच्या कानात त्याच्या मर्जीविरुद्ध रोज तीच गोष्टही जाता कामा नये. पण न जाणण्याचा हक्क हा जे आपल्यापाशी थांबते त्याच्यापुरता असावा. दादाच्या मागे त्याची मुलगी आहे. त्याच्या आतड्यात काय आहे ही बातमी थोडी तिचीही आहे. जशी बाबांची बातमी आमची होती. जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे आपण न विसरता चढवतो. या बातमीला वारस असतात हे मात्र आपल्याला सुचत नाही. वहिनींना मी हे बोललो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, तिचंच स्थळ बघणं चालू आहे. ह्यांना तीच भीती."

ऐकून मी काही बोललो नाही. १९९६ साल पुन्हा दाराशी येऊन उभे होते. फक्त मधल्या काळात तारेचा फास आणि निळे पाणी आले होते. बाबांची गाठ कळली तेव्हा ती गाठच होती. लपवून जे गमावले ते आमचे होते, त्यांचे स्वतःचे बहुधा आधीच गेलेले होते. दादाचे तसे नाही. त्याच्या पोटात काही असलेच तर ते अजून वाढ असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि वाढ काढता येते. अमेरिकेत असल्या वाढी काढून टाकलेल्या लोकांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली गेली. २०१२ साली छापले गेले की आतड्याच्या कॅन्सरने त्यांच्यात झालेले मृत्यू अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी होते. बाबांची शांतता अज्ञानातली होती. तीच शांतता आज दादाने पाळली तर तिला मी काय म्हणावे, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. भित्रेपणा म्हणवत नाही. तो उभ्या पावसात कृष्णेच्या पुरात शिरून दुसऱ्याच्या म्हशी काढून आणणारा माणूस आहे.

मी स्वतःपुरते असे ठरवले की वर्षातून एकदा, आणि तेही आडवळणाने नव्हे, सरळ विचारायचे. मधल्या काळात विषय काढायचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये माझी पुन्हा तपासणी झाली. सहा महिन्यांनी करावीच लागते. जुन्या जागी नुसता पांढरट वण होता. ते छायाचित्र मी दादाला पाठवले, खाली एक ओळही न लिहिता. हे नियमात बसते की नाही कोण जाणे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा शेवटचा प्रश्न उभा राहिला. बाबांचे, ताईचे, दादाचे दुखणे मी छापणार कोणाच्या परवानगीने? नावे घातली नाहीत तरी गावाला आम्ही कळणारच. ताई म्हणाली, छाप. आई म्हणाली, शपथ घालणाराच गेला, आता छाप. दादाला विचारायचे धैर्य होत नव्हते. २०२५ च्या गणपतीत सगळे गावी जमलो तेव्हा हस्तलिखित मी त्याच्या हाती दिले आणि म्हणालो, तू नको म्हणालास तर फाडून टाकतो. तो चष्मा लावून पडवीत बसला. पुतणी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. तिला त्याने हाकलले नाही. मी उगाच देवघरात जाऊन समईची वात सारखी करून आलो.

वाचून झाल्यावर त्याने कागद नीट जुळवले. म्हणाला, "म्हशी दोन नव्हत्या, एकच होती. आणि बाबा गेले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते, ते लिहिलं नाहीस. ते घाल."

मी म्हणालो, घालतो.

मग तो उठला, चपला पायात सरकवल्या, गोठ्याकडे जाता जाता थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "ते रात्रीचं औषध फार खारट लागतं काय रे?"

मी म्हणालो, लागते. पण गार करून प्यायले तर निभावते, आणि वरून गाळलेले लिंबाचे पाणी चालते.